पाच पट्ट्या

पाणीपुरवठा केंद्रात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की पट्टीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि राग मुळीच नव्हता, कारण नाव काही खोटं नव्हतं. लेबल छापायचं एक तळहाताएवढं यंत्र तिच्या पर्समध्ये कायम असायचं. एखादी वस्तू तासभर एका जागी राहिली की तिच्यावर पांढरी पट्टी चिकटलीच म्हणून समजा. स्विच, वायरी, कपाटं, किल्ल्या, चहाचा थर्मास, काही सुटलं नव्हतं. पंपवाले काका म्हणायचे, "मी जरा डुलकी काढली तर माझ्या कपाळावर 'काका' लिहून मोकळी होईल ही बाई."

नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात, एक जुना सर्व्हर होता. सगळ्या शहराच्या पाण्याच्या बातम्या त्याच्या पोटातून जायच्या. त्याच्या पाठीला पाच पोर्ट, पाच वायरी आणि अर्थातच पाच पट्ट्या: आवक, गाळणी, देखभाल, वाटप, भोंगा. नदीकडून किती पाणी आलं ते आवक सांगे, किती शुद्ध झालं ते गाळणी, शहरात किती गेलं ते वाटप. टाकी भरून वाहायला लागली की बोंब मारायचा तो भोंगा. मधलं देखभाल हे पट्टीबाईचं स्वतःचं. तिचा कॉम्प्युटर तेवढ्याच वायरीने सर्व्हरशी बोलायचा, दुसरी वाट नव्हती.

त्या पट्ट्या छापल्या तेव्हा फीत उरली होती. टाकून कशाला द्यायची, म्हणून तिने दुसरा संच काढला आणि घरी नेला. घरातही माणसं पाच, दाराशेजारच्या फळीवर खुंट्याही पाच. पहिली, आवक, सासूबाईंना. घरात येणारी वस्तू, बातमी आणि पाहुणा आधी त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे सरकत नसे. गाळणी नवऱ्याला, कारण सांगितलेल्यातलं निम्मं खाली गळून जायचं. देखभाल तिची. वाटप थोरलीचं, म्हणजे ताईचं. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कर्मचारी वसाहतभर झालेली असायची. आणि धाकटी भोंगा. तिचा आवाजच तसा होता. जिन्यातून "आई, भूक!" अशी आरोळी आली की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा ताटं मांडायला घेत. त्या दिवशी घरात सगळे पोट धरधरून हसले. पुढे खुंट्याच काय, जेवणाच्या खुर्च्याही त्याच क्रमाने ठरून गेल्या, आणि भोंगा हे नाव तर पोरीला असं चिकटलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. सर्व्हर सुरू होतो तेव्हा आपल्याला लागलेली पोर्टं मोजतो: पहिलं सापडलं ते पहिलं, दुसरं सापडलं ते दुसरं. पट्टीबाईने आतली नावं त्या क्रमावर बांधली होती. हे म्हणजे मुलांना रांगेत उभं करून पहिल्याला लाल टोपी, दुसऱ्याला हिरवी असं वाटत जाणं. मध्येच कुणी आगाऊ पोर पुढे घुसलं तर सगळ्या टोप्या चुकणार. खरी पद्धत वेगळी. प्रत्येक पोर्टाला कारखान्यातून आलेली एक जन्मखूण असते, नाव त्या खुणेशी बांधायचं, मग रांग कशीही मोडो. हे तिला पाठ होतं. नव्या माणसांना ती हेच शिकवायची. स्वतःच्या मशीनवर मात्र 'उद्या करू' म्हणून राहून गेलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मंगळवारी सकाळी वीज गेली आणि आली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर सहा पोर्टं दिसू लागली.

पहिल्या पाचांना नावं होती. सहाव्यापुढे रिकामी जागा होती.

"काका, मागे कुणी काही जोडलं का?"

"माझी काय बिशाद, तुमच्या मशीनला हात लावायची?" काका म्हणाले.

तिने कपाट उघडून पाठीमागे पाहिलं. भोकं पाच, वायरी पाच. म्हणजे मशीनला भास झालाय, जुनं हाड आहे, असं म्हणून ती खुर्चीत येऊन बसली. शेवटी दिसतंय ते नवं, असं ती धरून चालली. कुणीही तेच धरलं असतं. आणि बिननावी पोर्टाचं काय करायचं ते तर ठरलेलंच होतं. दर शनिवारी दुपारी मुख्य कार्यालयातून सफाई व्हायची. नाव नसलेलं जे दिसेल ते बंद. हा नियम तिनेच बैठकीत भांडून मंजूर करून घेतला होता. सफाई झाली की सगळ्यांच्या मोबाइलवर जाणारा निरोपही तिनेच लिहिलेला. 'शनिवारी जाईल आपोआप,' असं म्हणून तिने चहा मागवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भोंग्याचं दप्तर जमिनीवर पडलेलं होतं.

"किती वेळा सांगायचं गं? खुंटी कशाला दिलीये?"

"माझ्या खुंटीवर ताईचं आहे," आतून उत्तर आलं.

खरंच होतं. पाचव्या खुंटीवर ताईची बॅग होती. चौथीवर पट्टीबाईची पर्स, आणि ती तर तिने स्वतः आत्ताच अडकवली होती. तिसरीवर नवऱ्याचं जाकीट, दुसरीवर सासूबाईंची छत्री. पहिली खुंटी रिकामी होती. तिच्याखाली भिंतीला ओल धरली होती, तळव्याएवढी. पट्टीबाईने वर छताकडे पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

जेवताना तर धमालच झाली. सासूबाई मुलाच्या खुर्चीत बसल्या आणि ज्या बाईला मिरचीचं नाव काढलं की ठसका लागतो तिने त्याच्या वाटचं तिखट चाटूनपुसून खाल्लं. नवरा पट्टीबाईच्या खुर्चीत बसला, आणि कुणी न सांगता उठून सगळ्यांना वाढू लागला. "आज सूर्य कुठे उगवला होता रे?" असं म्हणून पट्टीबाई खूश झाली. ती ताईच्या खुर्चीत बसून शेजारणीच्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत होती. ताई शेवटच्या खुर्चीत बसून मोठमोठ्याने हसत होती. भोंगा ताट हातात घेऊन उभी होती.

"मी कुठे बसू?"

सगळे हसले. कुणीतरी स्टूल ओढून दिलं. पहिली खुर्ची रिकामी होती, पण तिथे बस असं कुणाच्या मनातच आलं नाही. टेबल पुसताना त्या खुर्चीसमोर पाण्याचं एक वर्तुळ उमटलेलं दिसलं, पेला ठेवल्यासारखं. पट्टीबाईने फडक्याने पुसून टाकलं. फडक्याला साचलेल्या पाण्याचा वास आला.

बुधवारी सकाळी तिने डबे भरले आणि एक झाकण हातात उरलं. कसलं असेल बरं, असा विचार करत तिने ते धुऊन पालथं घातलं. दुपारी शाळेतून फोन आला की धाकटीने डबा आणलेला नाही. तिला स्वतःचाच राग आला. संध्याकाळी तिने पोरीला जवळ घेऊन दहा वेळा कुरवाळलं. पोर काही बोलली नाही. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

गुरुवारी चहाच्या वेळी काकांनी सहज विचारलं, "काय म्हणतो तुमचा भोंगा?"

"चाचणी उद्या आहे ना," पट्टीबाई म्हणाली.

"अहो, तो नव्हे. धाकटी तुमची!"

"कोण?"

काका हसले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. पट्टीबाईच्या हातातला कप मात्र तसाच राहिला. मला दोन मुली आहेत, तिने मनाशी म्हटलं. दोन. ताई आणि. ताई आणि... मग ते नाव वर आलं, खोल विहिरीतून बादली यावी तसं.

शुक्रवारी भोंग्याची आठवड्याची चाचणी झाली. तिने कळ दाबली. बाहेर टाकीवर भोंगा नेहमीसारखा कोकलला, पण पडद्यावर 'भोंगा' नावापुढचा आकडा हलला नाही. हलला तो खालचा, बिननावी पोर्टापुढचा.

तिने वरपासून एकेक तपासलं. 'भोंगा' म्हणून दिसत होतं ते खरं वाटप होतं. 'वाटप' होतं ते तिचं स्वतःचं देखभाल. 'देखभाल' होती ती गाळणी, 'गाळणी' होती ती आवक. सगळ्यांच्या टोप्या एकेक घर खाली सरकल्या होत्या. शेवटचं ते नवं नव्हतंच. शेवटचं घरचं होतं, नाव गेलेलं. नवं होतं ते सगळ्यांत वर बसलं होतं, आवक हे नाव घालून.

"तरीच म्हटलं," काका मागून म्हणाले, "मंगळवारपासून आकडे वेड्यासारखे दिसतायत. पण नदीचं बरोबर येतंय हो! आणि भोंग्याचं काय एवढं, चाचणी सोडली तर वर्षातून एकदा वाजतो. गेला बंद पडून तर सोमवारी लावू."

"नाही," पट्टीबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की काका दोन पावलं मागे सरले.

तिने त्या पहिल्या पोर्टाची वाहतूक उघडली. थोडं थोडं काहीतरी येत होतं, थांबून, पुन्हा येत होतं. सगळं आत येणारं. बाहेर काहीच जात नव्हतं.

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. दारासमोर पायरीवर धाकटी बसली होती, मांडीवर दप्तर घेऊन.

"बाहेर का बसलीस गं?"

पोरीने वर पाहिलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बेल वाजवली. आजीने दार उघडलं. बघितलं आणि लावून घेतलं."

"मग परत वाजवायची!"

"परत तूच उघडलंस."

"मी तर आत्ता येतेय, बाळा."

पट्टीबाईने तिचं मनगट धरलं, आणि झोपेतसुद्धा सोडलं नाही. सोडलं तर आपण विसरू, हे तिला कळून चुकलं होतं.

शनिवारी सकाळी ती धाकटीला घेऊनच केंद्रावर गेली. मुख्य कार्यालयाला फोन केला. सफाई पुढे ढकला म्हणाली. "नियम तुमचाच आहे, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला, "लेखी पाठवा, पुढच्या आठवड्यात बघू." करावे तसे भरावे. तिने फोन ठेवला.

पोर स्टुलावर बसली होती. काका आले आणि त्याच स्टुलावर बसायला लागले. पट्टीबाईने ओरडून त्यांना थांबवलं.

"काय झालं?" काका स्टुलाकडे बघत म्हणाले. "ओलं आहे का?"

तिने कामाला हात घातला. आधी जे करायचं राहून गेलं होतं ते केलं. प्रत्येक पोर्टाची जन्मखूण शोधली आणि नाव त्या खुणेशी बांधलं. आवकला आवक, गाळणीला गाळणी, सगळं जिथल्या तिथे, भोंग्याला भोंगा. उपऱ्याला काहीच नाही. मग तिने यादी पुन्हा मागवली.

उपऱ्यापुढे 'भोंगा' लिहिलेलं होतं. खरा भोंगा पुन्हा बिननावी.

तिने उपऱ्याला बंद करायची आज्ञा दिली. यंत्राने ती मुकाट्याने मानली. पोर्ट मात्र चालूच राहिलं.

तिने त्याला स्वतःचं सहावं नाव देऊन पाहिलं. घे बाबा, तुलाही एक घे, पण माझ्या पोरीचं सोड. यादी पुन्हा आली तेव्हा पोर्टं सात होती आणि सर्वांत खालचं बिननावी होतं. भटाला दिली ओसरी! घाईघाईने तिने सहावं नाव पुसलं. सातवं गेलं. सहा राहिली.

मग तिला कळलं. नावं पाच, आणि त्यातलं एक त्याला हवंच होतं. कोणतं, याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

आवक द्यावी, तर सासूबाई. गाळणी, तर नवरा. वाटप, तर ताई. ती प्रत्येकापाशी थांबली, आणि आपण प्रत्येकापाशी थांबलो याची तिला लाज वाटली.

मागे वळून तिने पोरीकडे पाहिलं. स्टुलाची मागची भिंत दिसत होती. पोरीच्या आरपार नव्हे. पण नजर पोरीवर ठरतच नव्हती, घसरून भिंतीवर जात होती.

"आई," पोर म्हणाली. ओठ हलले म्हणून समजलं.

पट्टीबाईने भोंगा हे नाव भोंग्याच्या जन्मखुणेशी बांधलं. मग स्वतःच्या ओळीवर आली, 'देखभाल' हे नाव तिथून सोडवलं आणि उपऱ्यापुढे लिहिलं. एकदा मागे जाण्याचा रस्ता तिने मनात तपासून पाहिला. आज दुपारी तिची वायर बंद झाली की या मशीनमध्ये शिरायची वाटच उरणार नव्हती. तिलाही नाही, दुसऱ्या कुणालाही नाही.

तिने कळ दाबली.

यादी आली. सगळं जसं लिहिलं होतं तसं. या वेळी काहीही सरकलं नाही.

"आई, भूक!"

खिडकीच्या काचा थरारल्या. काका खुर्चीतून पडता पडता वाचले. "अगं भोंग्या! तू कधी आलीस? कानठळ्या बसल्या की!" त्यांनी खणातून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला. पट्टीबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती हसत होती आणि रडत होती.

"कुणाबरोबर आलीस एवढ्या लांब?" काकांनी विचारलं.

पोरीने बिस्कीट चावता चावता खोलीभर नजर फिरवली. पट्टीबाईवरूनही फिरवली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आई घरी आहे."

"चल, मग सोडतो तुला. आई काळजीत असेल."

स्कूटरवर मागे बसून पोर गेली. कुंपणापर्यंत तिची बडबड ऐकू येत होती. पट्टीबाई पायी निघाली. फाटकावरचा पहारेकरी रोज सलाम करायचा. आज तो पेपर वाचत राहिला.

घराचं दार अर्धवट उघडं होतं. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

खुंट्यांवर सगळं जागच्या जागी होतं. पहिलीवर छत्री, दुसरीवर जाकीट, चौथीवर ताईची बॅग, पाचवीवर दप्तर. तिसरी रिकामी. तिच्याखालची भिंत पार जमिनीपर्यंत ओली होती.

आत जेवणं चालली होती. सासूबाईंनी मिरची बाजूला काढली. नवरा आयतं बसून जेवत होता. भोंगा पाचव्या खुर्चीत गुडघ्यांवर बसून, तोंडात घास घेऊन, हातवारे करत सांगत होती. तिसऱ्या खुर्चीकडे बघून सांगत होती. मध्येच थांबली, मान कलती करून काहीतरी ऐकलं, आणि खळखळून हसली.

"अगं आई, ऐक तरी पुढचं!"

"भोंग्या," पट्टीबाईने दारातून हाक मारली.

कुणी वळलं नाही.

"दार कुणी उघडं टाकलं?" सासूबाई म्हणाल्या. "वारा येतोय."

भोंगा उठली. उड्या मारत दाराशी आली. हाताच्या अंतरावर आली, पट्टीबाईला तिच्या केसांचा वास आला. पोरीने बाहेर जिन्यात पाहिलं, नीट, वर आणि खाली.

मग तिने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पट्टीबाईच्या हातातला मोबाइल थरथरला. वाचायची गरज नव्हती, मजकूर तिचाच होता. तरी तिने वाचला.

'नाव नसलेले एक पोर्ट बंद केले. बाकी सर्व सुरळीत.'